वाडीकडे राहिलेला एक दिवस

१२ नोव्हेंबर २००३, बुधवार

यांच्या मेडिकलच्या दुकानात औषध कंपन्यांच्या डायऱ्या दरवर्षी येतात आणि रद्दीत जातात. ही तेवढी वाचली. प्रत्येक पानाच्या तळाला खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, ती सोडून लिहीन.

लिहायचं कारण म्हणजे आज मला नगरपालिकेच्या पाणीपुरवठा समितीची सभापती केलं. केलं म्हणजे गळ्यात घातलं. बांधकाम समितीसाठी दुपारपर्यंत रस्सीखेच चालली होती. पाण्याचं नाव निघालं तसे सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "वृषालीताईंचं माहेर लोणीचं, त्यांना पाण्याची किंमत ठाऊक," आणि टाळ्या पडल्या.

किंमत ठाऊक आहे हे खरं. लोणीला आम्ही अंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचो आणि दारातल्या शेवग्याला घालायचो. म्हणून तर निवडणुकीत मी दारोदार सांगत फिरले होते, की नळ बंद पडू देणार नाही. तेव्हा ते बोलायला सोपं वाटलं.

संध्याकाळी मुख्याधिकारी साहेबांनी मला बसवून समजावलं. नदीवरच्या बंधाऱ्याला पावसाळा सरला की ढापे, म्हणजे लोखंडी फळ्या, घालून पाणी अडवायचं. त्या पाण्यावर आपली विहीर, विहिरीवर टाकी आणि टाकीवर सगळ्या गावाचे नळ. यंदा निम्मे ढापे गायब आहेत आणि बंधाऱ्यात गाळ भरलाय. नदी वाहती आहे तोवर पाणी अडवलं तर जूनपर्यंत पुरेल. नाही अडवलं तर होळीनंतर नळाला हवा येईल. यांना सांगितलं तर म्हणाले, "ॲसिडिटीच्या गोळ्या घरच्याच आहेत, काळजी करू नकोस."

१९ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस कचेऱ्या फिरतेय. बंधारा एका खात्याने बांधला. त्याने तो दुसऱ्याच्या ताब्यात दिला म्हणे. दुसरं खातं म्हणतं, कागद आला, बंधारा अजून आला नाही. जमीन ग्रामपंचायतीची आहे, आणि ग्रामपंचायत म्हणते पाणी पिता तुम्ही. सगळं बरोबरच आहे. प्रत्येकाशी बोलताना मला त्याचंच पटत होतं, ही माझी जुनी खोड.

शेवटी पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्यांनी चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं. "ताई, दुसरीकडचे शिल्लक ढापे माझ्या गोदामात पडलेत. वरिष्ठांना विचारून देतो. पण बसवायला माणसं नाहीत. आणि नुसते बसवून भागत नाही, फटींतून पाणी जातं. फटी बुजवाव्यात त्या बंधाऱ्याच्या वरच्या वाडीतल्या लोकांनीच." मी त्यांचे इतके आभार मानले की ते लाजले.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्या पालिकेच्या व्हॉल्व्हमनला, सोमाजींना, घेऊन मी वाडीवर गेले. घाटघरच्या वाटेवर, डोंगराच्या पोटाला तीसेक घरं आहेत. उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं. बरीच खाचरं फुटलेली दिसली. गेल्या पावसाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता म्हणे.

सरपंच धर्माजी ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होते. मी रोजगार हमीतून मजुरी मिळवून देते म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. "ह्येची मजुरी न्हाई घ्यायची आमी. पान्याचं काम हाय. पडकईनं करू." सोमाजींनी मला सांगितलं, पडकई म्हणजे सगळ्या वाडीने मिळून एकाच्या खाचराची ताल, म्हणजे दगडी बांध, घालायची, उद्या दुसऱ्याच्या. म्हणजे आपलं श्रमदानच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

धर्माजींची भावजय गोजरबाई चहा घेऊन आली. उंच, सडपातळ, डोळे मोठे हसरे. "आन मंग तुमी या आमच्याकडं," ती म्हणाली.

"येऊ की. नक्की येऊ."

"किती जन याल?"

"सगळेच येऊ," मी म्हणाले. कुणी जेवायला बोलावलं की आपण म्हणतो तसं.

गोजरबाईने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. सगळ्या खूश झाल्या. किती अगत्याची माणसं आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. काल आणि आज अख्खी वाडी बंधाऱ्यावर होती. पाटबंधाऱ्याच्या गाडीतून ढापे आले, जिल्हा परिषदेचा एक ओव्हरसियर सुट्टी असून आला, पालिकेचा ट्रॅक्टर होता, ग्रामसेवक होते. एवढ्या कचेऱ्यांची माणसं एका बंधाऱ्यावर मी पहिल्यांदा बघितली. आधी जरा अवघडून उभी होती, मग कुणाच्या तरी डब्यातला ठेचा फिरला आणि बोलायला लागली.

पुरुषांनी ढापे उतरवले. बायकांनी चिकणमाती आणि भाताचा पेंढा पायांनी मळून फटींत ठासला. मधूनच हलगी वाजायची. मग सगळ्यांनी विहिरीच्या तोंडचा गाळ उपसला आणि काठावर ढीग घातला. गोजरबाईने त्यातला एक ओला गोळा उचलून मला दाखवला. "ही आमची माती हाय, ताई."

"तुमचीच की," मी म्हटलं. नदीसुद्धा त्यांचीच म्हणायची. ती आणखी काही सांगणार होती, पण तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं.

संध्याकाळी पाणी बोटाबोटाने चढताना बघत उभी राहिले. या माणसांचं कसं उतराई व्हायचं, तेच कळत नाही. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, दणक्यात सत्कार करू.

१४ डिसेंबर, रविवार

सत्काराला वाडीतून कुणीही आलं नाही.

मंडप, हार, शाल-श्रीफळ, सगळं होतं. तीन भाषणंही झाली, रिकाम्या खुर्च्यांपुढे. नारळ शेवटी सफाई कामगारांना वाटले. शाली मी घरी आणून कपाटात ठेवल्यात. सोमाजींना वाडीवर पाठवलं तर निरोप काय, "शाली ऱ्हाऊ द्या. मानसं कवा येत्यात तेवडं सांगा." म्हणजे त्यांना वाटतं आपण मोठ्या माणसांना घेऊन त्यांच्याकडे जावं. बरोबरच आहे. मान द्यायचा तर त्यांच्या दारात जाऊन द्यायला हवा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१८ जानेवारी २००४, रविवार

(नवी डायरी. यंदा पोटाच्या औषधाची.)

आज नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि आम्ही चार सदस्य वाडीवर जाऊन आलो. दोन जीप, पेढे, फोटोग्राफर. काय तयारी केली होती त्यांनी. नाचणीच्या भाकरींची चळत माझ्या कमरेएवढी होती, पन्नास माणसं जेवतील इतकी. भिंतीला कुदळी, फावडी आणि पहारी धुऊन ओळीने लावलेल्या. घर नीटनेटकं ठेवायची त्यांची रीत बघून नगराध्यक्ष फार खूश झाले.

धर्माजी आमच्या पायांतल्या बुटांकडे बघत होते. "आज निस्तं बघायला आलाय व्हय?"

"हो, खास तुम्हाला बघायला," मी म्हणाले.

आम्ही एकेक भाकरी खाल्ली. निघताना गोजरबाई जीपजवळ आली. "पावसाच्या आदी या म्हंजी झालं." पुन्हा आमंत्रण. एवढी माया मला सासरीसुद्धा मिळाली नाही, हे यांना वाचून दाखवायचं नाही.

९ मार्च, मंगळवार

बंधारा गळतोय. उन्हाने फटींतली माती तडकली. पाणी रोज वीतभर उतरतंय. पालिकेच्या माणसांनी सिमेंट भरून पाहिलं, ते दुसऱ्या दिवशी वाहून गेलं. नळ आता तीन दिवसांतून एकदा सोडतो. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यामुळे नवीन काम काढता येत नाही, आणि सगळे साहेब निवडणुकीच्या कामाला जुंपलेत.

सोमाजींना वाडीवर पाठवलं. ते परत येऊन म्हणाले, "नाय म्हनले न्हाईत, ताई. पर कुनी उठलंबी न्हाई."

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी त्यांचे कान भरले असणार. इतकं गोड बोलून ऐन वेळी तोंड फिरवायचं म्हणजे काय. आमच्या आळीतल्या बायका आज हंडे घेऊन माझ्या दारात बसल्या होत्या. शिव्या दिल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. त्याचंच जास्त लागलं.

२१ मार्च, रविवार. पाडवा

आई लोणीहून आलीय. आईचं, म्हणजे सारजाबाईंचं, वय आता सत्तरीच्या पुढे, पण कान तिखट. गुढी उभारून झाल्यावर पुरण वाटता वाटता मी तिला सगळं गाऱ्हाणं सांगितलं. वाडीवाल्यांची माया, सत्कार, पेढे आणि मग फिरवलेलं तोंड.

आईने माझ्या हातातला वरवंटा थांबवला. "त्यांनी येऊन काम केलं. मंग तू केलंस का?"

"काय केलंस का?"

"त्यांचं काम. अगं, ही सावड हाय. आपल्याकडं काढनीला करायचो न्हाई का? आज त्यांनी माज्या रानात, उद्या मी त्यांच्या. सावडीला कुनी शाल देतं व्हय? हातानं घेतलेलं हातानंच फेडायचं."

मी पुरण तसंच सोडून भिंतीला टेकले. किती जण याल, असं गोजरबाईने विचारलं होतं, आणि मी सगळेच म्हणाले होते. भाकरी पन्नास माणसांच्या होत्या. कुदळी धुऊन ठेवल्या होत्या, आणि आम्ही जीपमधून उतरून फोटो काढले. बिचाऱ्यांनी काम तोंडाने एकदाही मागितलं नाही, कारण ते मागायचंच नसतं, आपण जायचं असतं. लोणीत वाढलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं.

आई म्हणाली, "रडून काय व्हनार? कुदळ हाय का घरात?" नव्हती. शेजारून आणली.

२२ मार्च, सोमवार

एकटीच गेले. पहिल्या एस.टी.ने, शेजारच्यांची कुदळ घेऊन.

मला बघून धर्माजी ओट्यावरून उठले. मी कुदळ दाखवली आणि विचारलं, "कुठं सुरू करू?" गोजरबाईने पदर खोचला आणि मला तिच्या खाचरावर नेलं. तिथं उभं राहिल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताल फुटलेली, आणि ताल धरून ठेवते ती माती कुठेच नाही. ती आमच्या विहिरीच्या तोंडाशी ढीग होऊन पडलीय. ही आमची माती हाय, असं ती म्हणाली होती ते काही थट्टेने नव्हे.

आमच्याकडे दोन दिवस दिले तेव्हा वाडीचे पडकईचे दिवस खर्ची पडले. ते दिवस फिरून येतील म्हणून वाडी थांबली. पावसाआधी ताली झाल्या नाहीत तर उरलेली मातीही खाली येणार, आणि पुढच्या वर्षी बंधाऱ्यात पाणी मावायला जागा राहणार नाही. त्यांचं भात आणि आमचा नळ एकाच दगडी बांधावर उभे आहेत, हे एवढे महिने मला कुणी सांगायची गरजच नव्हती. नुसतं चालत वर यायला हवं होतं.

दुपारपर्यंत हाताला फोड आले. गोजरबाईला म्हणाले, "गोजरबाई, माझ्याने तुमच्या निम्मंपण होत नाही."

"दिसाला दीस," ती म्हणाली. "हातात जोर किती, त्ये कोन मोजत न्हाई."

मी रडले. तिने मला पाणी दिलं, आणि रडून झाल्यावर दगड द्यायला सांगितलं.

२५ मार्च, गुरुवार

मुख्याधिकारी साहेबांपुढे मांडलं. ते म्हणाले, आचारसंहितेत मला एक पैसा खर्च करता येणार नाही. मी म्हटलं, पैसा नकोच आहे, तुमची रविवारची सुट्टी द्या. त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि हो म्हणाले.

गाळ परत वर न्यायचा तर तहसीलदारांची परवानगी हवी. मी घाबरतच गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवीन काम काढायला बंदी आहे. ज्याचं त्याला परत करण्यात नवीन काय आहे?" सही केली. सरकारी माणूस इतका गोड असू शकतो, हे लिहून ठेवायलाच हवं.

४ एप्रिल, रविवार

किती लोक आले. पालिकेचे सफाई कामगार सगळ्यांत पुढे. आमच्या आळीतल्या, माझ्या दारात बसलेल्या बायका होत्या. शाखा अभियंता बायकोला घेऊन आले, ग्रामसेवक आले, तहसील कचेरीतले दोन कारकून आले. नगराध्यक्ष उशिरा आले, पण चपला काढून आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या विहिरीवरची माती घेऊन वळणावळणाने वर चढत होत्या. वाडीची पोरं "आली, आली" म्हणत पुढे धावत होती.

ट्रॉली थांबते तिथून खाचरापर्यंत माती डोक्यावर न्यायची होती. चुंबळीला फडकी कमी पडली. मी घरून कपाटातल्या सत्काराच्या शाली घेऊन गेले होते, का नेल्या ते मलाही सांगता येणार नाही. त्याच सगळ्यांनी डोक्यावर गुंडाळल्या. मुख्याधिकारी साहेब जरीकाठी शालीवर मातीची पाटी घेऊन चाललेले बघून गोजरबाई हसून हसून खाली बसली. सत्कार झाला म्हणायचा.

जेवायला पुन्हा तेवढ्याच भाकरी होत्या. या वेळी एकही उरली नाही.

७ एप्रिल, बुधवार

सोमाजी पहाटेच दारात. मला वाटलं मोटार जळाली. ते म्हणाले, "ताई, चला बघायला." बंधाऱ्यावर वाडीच्या बायका आणि धर्माजी, गुडघाभर पाण्यात. पेंढा, माती, सगळं त्यांनीच आणलेलं. आम्ही निरोपही दिला नव्हता. उन्हं वर येईपर्यंत गळती बंद झाली.

मग मीही पाण्यात उतरले आणि माती तुडवायला लागले.

१३ जून, रविवार

एप्रिल-मेमधले सगळे रविवार वाडीवर गेले. शेवटची ताल परवा पुरी झाली. आज सकाळी नळ आला, हल्ली दिवसाआड येतो तसाच. आळीतली एक म्हातारी बादली भरताना म्हणाली, "यंदा उन्हाळा जानवलाच न्हाई बग." मार्चमधले हंडे ती विसरली होती. मी घरात येऊन देवापुढे साखर ठेवली.

४ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस झोडपतोय. झोप नाही. गेल्या वर्षी अशाच पावसात ताली फुटल्या होत्या. दुपारी वाडीतून दूधवाल्याच्या हाती धर्माजींचा निरोप आला, "ताली हाएत." दोनच शब्द. मी दूधवाल्याला जेवायलाच बसवलं.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज ढापे बसवले. पाटबंधारे, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, पालिका, वाडी, सगळे आपणहून. कागद अजून कचेऱ्यांतून फिरतोच आहे, त्याला फिरू दे. विहिरीच्या तोंडाशी गाळ निघाला तो अवघ्या दोन ट्रॉल्या. पालिकेने ठराव केलाय, की दर वर्षी पालिकेची माणसं वाडीच्या पडकईला जातील. ठरावात "परतफेड" लिहावं की "सहकार्य", यावर सभेत तासभर वाद झाला. आई सभेत असती तर तिने दोन्ही खोडून "सावड" लिहिलं असतं.

५ डिसेंबर, रविवार

समित्या बदलल्या. पाणीपुरवठ्याला या वर्षी तिघे इच्छुक होते, मला तर गंमतच वाटली. काल नव्या सभापतींना खुर्ची देऊन आले. यांनी विचारलं, वाईट वाटतंय का. थोडं वाटतं.

आज बाजारचा दिवस. दुपारी दार वाजलं. गोजरबाई उभी होती, खांद्यावर कुदळ घेऊन. मी म्हटलं, "गोजरबाई, आता मी सभापती नाही. काम असेल तर नव्या साहेबांकडे नेते तुम्हाला."

"त्यांच्याकडं काय?" ती म्हणाली. "गावाचे दीस फिटले. पर तुमी एकल्या आला व्हता की नाय, रडत रडत? त्यो दीस जादाचा झाला. धर्माजी म्हनले, ताईचा दीस ठिवायचा न्हाई. काय काम हाय सांगा."

माझ्या घरात कुदळीचं काम कुठून असणार. फरशी, नळ, आणि मागे कुंडीत एक तुळस. मी तिला बसवलं, चहा केला, आणि चहा उकळेपर्यंत विचार करत राहिले. मग तिच्यासमोर बसून म्हणाले, "गोजरबाई, एक मागू? तो दिवस फेडू नका. तुमच्याकडेच राहू द्या."

तिने बशी खाली ठेवली. "दीस ऱ्हायला म्हंजी मंग येनंजानं ऱ्हातंच," ती म्हणाली.

"म्हणूनच."

ती हसली. कुदळ उचलून तिने तुळशीच्या कुंडीतली माती तेवढी टोकाने भुसभुशीत केली, हात रिकामे जायला नकोत म्हणून, आणि बाजाराला गेली.

खुर्ची गेली. वाडीकडे माझा एक दिवस आहे.